डिझेल इंजिन म्हातारं कशानं होतं?

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरातल्या एका टॅक्सीवाल्यानं १९८१ साली जुनी मर्सिडीज-बेंझ २४० डी विकत घेतली. गाडी १९७६ सालची, घेतली तेव्हाच दोन लाखांवर किलोमीटर चाललेली. २००४ मध्ये ती कंपनीच्या संग्रहालयात जमा झाली, तेव्हा तिच्या नावावर ४६ लाख किलोमीटर होते. विषुववृत्तावरून पृथ्वीला शंभराहून जास्त फेऱ्या होतील एवढं हे अंतर. ते एकाच इंजिनानं कापलं असं मात्र नाही. मधल्या काळात इंजिनं उतरली, बदलली, दुरुस्त झाली. तरी या टॅक्सीची नोंद घ्यायलाच हवी, कारण चालवणाऱ्याला आपल्या गाडीच्या पोटात काय चाललंय हे कायम ठाऊक होतं.

त्या टॅक्सीतलं ओएम ६१६ घराण्याचं २.४ लिटरचं इंजिन महाराष्ट्राला परकं नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं, म्हणजे आजच्या फोर्स मोटर्सनं, ते डायमलर-बेंझच्या परवान्यानं इथं बनवलं आणि ट्रॅक्स, ट्रॅव्हलर अशा गाड्यांत बसवलं. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ज्यांनी वडापनं, म्हणजे शेअर जीपनं, प्रवास केला, त्यांनी या इंजिनाची खडखड अनेकदा ऐकली आहे. माणसं दाटीवाटीनं कोंबलेली, टपावर बोचकी, पुढे घाट. आणि इंजिन रोज पहाटे पुन्हा कामाला तयार. पण त्याच स्टँडवर, त्याच वर्षीची, त्याच कारखान्यातून आलेली दुसरी गाडी निळा धूर ओकत उभी असायची. दोन्हींचं इंजिन एकच. फरक पडला तो आत गेलेल्या चार गोष्टींमुळे: हवा, डिझेल, ऑइल आणि पाणी. डिझेल इंजिन निव्वळ वयानं क्वचितच मरतं. या चारांपैकी एखादी गोष्ट घाणेरडी किंवा अपुरी मिळाली की ते मरतं.

ते एवढं टिकाऊ का, हे आधी पाहू. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक तापतं, कारण दाबलेली हवा गरम होते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं नेमका हाच गुण कामाला लावला. १८९७ मध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात त्याच्या इंजिनाची चाचणी झाली, तेव्हा इंधनातली २६ टक्क्यांच्या आसपास उष्णता कामात उतरली. त्या काळच्या वाफेच्या इंजिनांना हे जमणारं नव्हतं. या इंजिनात स्पार्क प्लग नाही. पिस्टन हवेला पंधरा ते वीस पट दाबतो, तिचं तापमान पाचशे अंशांच्या वर जातं आणि त्या हवेत फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. एवढा दाब सोसायचा म्हणून ब्लॉक, क्रँक, कनेक्टिंग रॉड सगळंच दणकट करावं लागतं. शिवाय डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कमी फेऱ्यांवर काम करतं. सर्वाधिक ताकद मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या आसपास मिळते, त्यामुळे तेवढ्याच अंतरासाठी पिस्टन कमी वेळा वरखाली होतो.

म्हणजे लोखंड भक्कम आहे. पण ज्या दाबावर सगळं चालतं, तो दाब टिकतो पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामधल्या ऑइलच्या अतिशय पातळ थरावर. धूळ जाते ती नेमकी तिथंच.

किती हवा आत जाते, याचा हिशेब एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. एक लिटर डिझेल भरतं साधारण ८३० ग्रॅम. ते पुरतं जळायला त्याच्या साडेचौदा पट वजनाची हवा लागते, म्हणजे सुमारे १२ किलो. एवढी हवा दहा हजार लिटर जागा व्यापते. आणि ही झाली किमान गरज. पेट्रोल इंजिनात हवा मोजून सोडली जाते, तर डिझेल इंजिन जवळपास कायम गरजेपेक्षा जास्त हवा ओढतं. लिटरला पंधरा किलोमीटर ॲव्हरेज देणारी गाडी दहा हजार किलोमीटर धावली की तिनं कमीत कमी ६५ लाख लिटर हवा पोटात घेतलेली असते. ती हवा उसाच्या ट्रॅक्टरमागून जाताना, खडी क्रशरच्या बाजूनं, मुरुमाच्या कच्च्या रस्त्यावरून घेतलेली असेल तर त्यात गारेचे बारीक कण असतात आणि ते लोखंडालाही झिजवतात.

फिल्टर काळा दिसला की गॅरेजात कॉम्प्रेसरची हवा मारून तोच पुन्हा बसवायची पद्धत सगळीकडे आहे. वरवरची धूळ उडते, पण जोराच्या झोतानं कागद फाटतो किंवा त्याची छिद्रं मोठी होतात. मग फिल्टर दिसतो स्वच्छ आणि गाळतो कमी. नवा फिल्टर काही शे रुपयांत येतो. रिंगपिस्टनचं काम त्याच्या कित्येक पट महाग पडतं. याची एक सोपी परीक्षा आहे. फिल्टर काढला की त्याच्या पुढचा, इंजिनाकडे जाणारा रबरी पाइप मोकळा करावा आणि आतून पांढऱ्या फडक्यानं पुसावा. फडक्यावर तेलकट डाग येणं चालतं. ते कोरड्या, करकरीत धुळीनं माखलं, तर फिल्टरच्या कडेनं किंवा पाइपच्या सैल क्लिपमधून धूळ थेट आत जाते आहे. ती क्लिप आवळायला पाच मिनिटं लागतात.

हवेच्या याच वाटेनं पावसाळ्यात पाणीही शिरतं. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात बंद पडल्या. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि डिझेल इंजिनात पिस्टनच्या वर उरणारी जागा अगदीच थोडी असल्यानं त्याला हा धोका अधिक. गाडी पाण्यात बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. ढकलून किंवा टोचन करून बाहेर काढावी आणि आतलं पाणी तपासल्याशिवाय किल्ली फिरवू नये.

आता डिझेलकडे वळू. जुन्या गाड्यांचा पंप आणि नोझल बऱ्यापैकी सोशिक होते. १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ ही कॉमन रेल तंत्राची पहिली मोटार आली आणि चित्र पालटलं. तिच्यात डिझेलचा दाब १,३५० बारपर्यंत जायचा; आजच्या गाड्यांत तो दोन हजार बारच्याही वर असतो. मोटारीच्या टायरमध्ये सव्वादोन बार हवा असते, यावरून काय ते ताडावं. भारतातल्या डिझेल गाड्यांचे इंजेक्टर आणि नोझल बनवणारा बॉशचा, म्हणजे पूर्वीच्या मायकोचा, कारखाना नाशिकमध्ये सातपूरला आहे. या नोझलची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असतात आणि आतली सुई जिथं सरकते तिथली फट मायक्रॉनमध्ये मोजतात. तिथं पाण्याचा थेंब किंवा गंजाचा कण गेला की फवारा बिघडतो. बिघडलेला फवारा पिस्टनच्या माथ्यावर एकाच जागी पडत राहिला तर पिस्टनला भोक पडू शकतं.

डिझेलमध्ये पाणी येतं कुठून? काही पंपावरच्या टाकीतून. काही गाडीच्या अर्ध्या रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्यानं हवेतली वाफ निवळून, आणि कोकणातल्या दमट हवेत हे चांगलंच घडतं. डिझेल फिल्टरच्या बुडाशी म्हणूनच पाणी साठायची जागा असते, खाली एक स्क्रू असतो. तो सैल करून काचेच्या बाटलीत थोडं डिझेल सोडलं आणि बाटली ओट्यावर स्थिर ठेवली तर पाच-दहा मिनिटांत वर पिवळसर डिझेल, खाली पाणी आणि मध्ये स्वच्छ रेघ दिसते. पाण्यात तांबूस गाळ असेल तर टाकीतच गंज धरलाय असं समजावं. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर एवढं केलं तरी पुष्कळ झालं. फिल्टर मात्र चांगल्या प्रतीचाच घ्यावा. त्याच्यासारखाच दिसणारा स्वस्त फिल्टर किती बारीक कण अडवतो हे बाहेरून कळायला मार्ग नाही.

इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं वंगणही डिझेलच असतं. म्हणून टाकी कोरडी होईपर्यंत गाडी पळवणं वाईट, आणि चुकून पेट्रोल भरलं जाणं त्याहून वाईट. पेट्रोलला वंगणाचा गुण नाही. पंपावर अशी चूक लक्षात आली तर किल्ली नुसती ऑनसुद्धा करू नये, कारण बऱ्याच गाड्यांत तेवढ्यानं टाकीतला विजेचा पंप सुरू होतो. गाडी तिथंच ढकलून बाजूला घ्यावी आणि टाकी रिकामी करावी. तासभर मोडेल, पण इंजेक्टर आणि पंप वाचतील.

ऑइल हा सगळ्यांत जास्त गैरसमजांचा विषय. नवं ऑइल घालून चार दिवस झाले नाहीत तोच पट्टी काळीकुट्ट दिसते आणि मालक म्हणतो, मेकॅनिकनं जुनंच ऑइल ठेवलं. डिझेल जळताना काजळी होते, तिचा काही भाग रिंगांवरून खाली ऑइलमध्ये उतरतो. चांगल्या ऑइलमधली रसायनं ती काजळी सुटी-सुटी तरंगत ठेवतात, गोळा होऊ देत नाहीत. ऑइल काळं होतं कारण ते आपलं काम करतंय. काळजी करावी ती ही रसायनं संपल्यावर. तेव्हा काजळीचे गोळे होतात, ऑइल घट्ट होतं, चाळणी तुंबते. रंगावरून हे कळत नाही, म्हणून मुदत पाळावी लागते.

आणि मुदत नुसती किलोमीटरवर ठरवणं फसवं आहे. ताशी ६० च्या सरासरीनं महामार्गावर दहा हजार किलोमीटर कापायला इंजिन १६७ तास चालतं. मुंबई-पुण्याच्या कोंडीत ताशी १५ च्या सरासरीनं तेवढंच अंतर कापायला ६६७ तास, म्हणजे चौपट. मीटरवर दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. गाडीच्या पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल ते, असं लिहिलेलं असतं आणि कडक वापरासाठी त्याहून कमी अंतर दिलेलं असतं. कोंडी, धूळ, रोजची छोटी धाव हे सगळं कडक वापरात येतं. शहरातल्या बहुतेक मालकांनी तो दुसरा आकडाच आपला मानावा.

ऑइलवर आणखी काय काय अवलंबून असतं, हे एका इंजिनात चांगलं दिसतं. रांजणगावात फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट इंजिन बनत असे. तेच मारुतीनं परवान्यानं बनवलं. स्विफ्ट, डिझायर, एर्टिगा, इंडिका व्हिस्टा, पुंटो, अशा कितीतरी गाड्यांत ते होतं; म्हणून त्याला भारताचं राष्ट्रीय इंजिन म्हणायचे. २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ नियम आले तेव्हा ते इथं थांबलं, पण रस्त्यावर आजही त्याच्या गाड्या भरपूर आहेत. त्याला टायमिंग बेल्टऐवजी साखळी आहे, आणि साखळी म्हणजे आयुष्यभराची निश्चिंती असा समज आहे. पण ती साखळी ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. ऑइल कमी झालं, घट्ट झालं की साखळी सैल पडते, सकाळी पहिल्या स्टार्टला खळखळ येते. ती खळखळ ऐकूनही गाडी तशीच दामटली तर एके दिवशी साखळी घसरते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. टायमिंग बेल्टच्या गाड्यांत हीच गत बेल्ट तुटल्यावर होते. तुटण्याआधी बेल्ट बहुधा काहीच आवाज करत नाही, म्हणून तो पुस्तिकेतल्या अंतराला किंवा वर्षांना बदलायचा. दिसायला चांगला आहे, अजून चालेल, असं सांगणाऱ्याचं ऐकू नये.

इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या टर्बोचाही जीव ऑइलमध्येच आहे. त्याचा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. एका टोकाला लोखंड लालबुंद होईल इतका तापलेला धूर, दुसऱ्या टोकाला बाहेरची हवा, आणि मध्ये आधार फक्त ऑइलच्या थराचा. स्टार्ट होताक्षणी रेस केली तर ऑइल पोचायच्या आत दांडा फिरू लागतो. घाट चढून वर हॉटेलशी गाडी उभी करून तत्काळ बंद केली तर तापलेल्या टर्बोत अडकलेलं ऑइल करपतं आणि त्याचा कोळसा होऊन नळ्या तुंबतात. सुरुवातीला अर्धा मिनिट आणि जोराच्या धावेनंतर शेवटी मिनिटभर इंजिन शांत चालू ठेवणं, एवढंच पुरतं. गरम होण्यासाठी दहा-दहा मिनिटं जागेवर चालू ठेवणं मात्र नुकसानीचं. डिझेल इंजिन जागेवर लवकर तापत नाही, थंड इंजिनात जळण अपुरं होतं आणि काजळी वाढते. हळू चालवत तापवणं हा खरा उपाय.

थंड इंजिनाचा विषय निघालाच आहे तर थर्मोस्टॅटबद्दल. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायचा हा आपल्याकडचा जुना तोडगा आहे. त्यानं तापमानाची सुई खाली येते खरी, पण इंजिन ९० अंशांच्या आसपास चालण्यासाठी घडवलेलं असतं. कायम थंड चालणारं इंजिन जास्त डिझेल पितं आणि जास्त झिजतं. तापण्याचं मूळ कारण, म्हणजे तुंबलेला रेडिएटर, गळका पाण्याचा पंप किंवा हेडगॅसकेट, तसंच राहतं. कूलंटमध्ये बोअरचं पाणी ओतू नये. क्षारांचे थर आतून बसतात. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, बस्स.

चालवण्याची सवय इंजिनाला तारते किंवा मारते. ॲव्हरेजच्या हव्यासानं खंबाटकी घाट चढतानाही पाचवा गिअर न सोडणारे चालक दिसतात. हजार-बाराशे फेऱ्यांवर टर्बोला दम नसतो, डिझेल मात्र जास्त जातं, बेअरिंगवर ठोके बसतात आणि मागे काळा धूर सुटतो. गिअर खाली घेऊन अठराशे ते अडीच हजारांवर चढवलेली गाडी अधिक सुखात असते. उतारावर न्यूट्रल करून डिझेल वाचत नाही. गिअरमध्ये ठेवून पाय काढला तर आजच्या गाड्या इंजेक्शन पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच, आणि ब्रेक तापतात ते वेगळंच.

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झालं. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आलं, आणि मोटारींच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर आला. काळा धूर सोडत आपल्यासमोरून जाणाऱ्या गाड्या ज्यांनी वर्षानुवर्षं सोसल्या, त्यांना याचं मोल सांगायला नको. पण या फिल्टरनं गाडीकडून एक नवी मागणी केली. साठलेली काजळी गाडी स्वतःच जाळते, त्यासाठी तिथलं तापमान सहाशे अंशांच्या जवळ न्यावं लागतं. ते नेण्यासाठी इंजिन डिझेलचा जास्तीचा, उशिराचा फवारा मारतं. महामार्गावर दहा-वीस मिनिटांत काम उरकतं. रोज घर ते शाळा ते मंडई एवढीच तीन किलोमीटर धाव असेल तर ते दर वेळी अर्धवट तुटतं. उशिरा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि पट्टीवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढलेली दिसते. बीएस-६ गाडीत पातळी खुणेच्या वर गेलेली दिसली तर आनंद मानू नये. ऑइल ताबडतोब बदलावं.

डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला तर पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे गाडी मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालवायची. बहुतेक वेळा दिवा विझतो. दिव्याकडे दुर्लक्ष केलं तर पुढे इंजिनाची ताकद कमी केली जाते आणि वर्कशॉप गाठावं लागतं. ऑइलही इथं वेगळं लागतं: कमी राखेचं. काजळी जळून जाते, ऑइलमधल्या धातूंची राख जळत नाही, ती फिल्टरमध्येच बसते. दुकानात जे हाताला लागेल ते जाड ऑइल घालणं जुन्या ट्रॅक्सला चाललं असेल, या गाड्यांना चालत नाही. ज्या गाड्यांत डीईएफ, म्हणजे साडेबत्तीस टक्के युरियाचं द्रावण, लागतं, त्यांत त्याचं निळ्या झाकणाचं तोंड आणि डिझेलचं तोंड यांची गल्लत होऊ देऊ नये. ते द्रावण डिझेलच्या टाकीत गेलं तर पंप आणि इंजेक्टर दोन्ही बाद होतात.

इथं स्पष्ट सांगायला हवं. ज्याची रोजची धाव पाच-सात किलोमीटर आहे आणि महिन्याकाठीही लांबचा प्रवास नाही, त्यानं आजच्या काळात डिझेल गाडी घेऊ नये. नागपूर-पुणे करणाऱ्या, रोज तालुक्याच्या गावी ऐंशी-शंभर किलोमीटर जाऊन येणाऱ्या माणसाला मात्र डिझेल अजूनही चोख साथ देतं.

गाडी जुनी झाली की ती आपल्या तब्येतीची लक्षणं दाखवू लागते. काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. फिल्टर, टर्बोचे पाइप आणि इंजेक्टर तपासायचे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही राहणारा पांढरा धूर म्हणजे डिझेल न जळता बाहेर येतंय किंवा कूलंट आत शिरतंय. मेकॅनिक ऑइलचं झाकण उघडून, त्यावर हात धरून, बॅक कॉम्प्रेशन पाहतात: रिंगांवरून खाली आलेला दाब तिथून भकाभका बाहेर पडतो. पण तेवढ्यावर इंजिन खोलायला घेऊ नये. आधी ब्रीदरची नळी तुंबलेली नाही ना, टर्बोच्या सीलमधून दाब येत नाही ना, हे पाहावं. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेजनं मोजून घ्यावं. चारही आकडे एकमेकांच्या जवळ आणि पुस्तिकेतल्या मर्यादेत असतील, तर इंजिन उघडण्याचं कारण नाही. एकच सिलिंडर फार खाली असेल, तर दोष बहुधा त्याच्या व्हॉल्व्हमध्ये, रिंगेत किंवा गॅसकेटमध्ये असतो आणि तेवढंच काम करून गाडी पुन्हा लांबच्या रस्त्याला लागते. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्या तपासणीला जाण्याच्या महिनाभर आधी हे आकडे कागदावर असले, तर गाडी ठेवायची की विकायची, हे मालकाला अंदाजावर ठरवावं लागत नाही.